साखर चालेल

१

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि तरी त्यांचा नाश्ता आला.

वृद्धाश्रमाच्या जेवणघरात आई नेहमीच्या टेबलाशी एकटी बसली होती. वाढणाऱ्या बाईने एक ट्रे तिच्यापुढे ठेवला आणि दुसरा शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे. त्या दुसऱ्या ट्रेवर छापील चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर बाबांचं नाव होतं. आईने मान वर करून भिंतीवरच्या स्क्रीनकडे पाहिलं. तिथेही, आज हजर असलेल्यांमध्ये, बाबा होतेच. आईने शांतपणे तो ट्रे उचलला आणि जमिनीवर आपटला. कप फुटला, चहा पलीकडच्या आजोबांच्या पायांवर उडाला, आणि त्यांनी अख्खं जेवणघर डोक्यावर घेतलं.

बाबांचं नाव परत येण्याची ही पहिली खेप नव्हती. आश्रमाच्या ऑफिसातले लोक ते काढून टाकायचे, थोडे दिवस बरे जायचे, आणि एका सकाळी नाव पुन्हा हजर. ट्रे फुटण्याची मात्र पहिलीच वेळ. मॅनेजरबाईंनी दुपारच्या आत निकाल लावला: आजी स्वतःच नवऱ्याचं नाव यादीत भरतात आणि विसरतात, आता त्यांना वरच्या मजल्यावर हलवायचं.

वरचा मजला म्हणजे ज्यांची आठवण गेली त्यांचा. तिथली दारं बाहेरून बंद होतात. बागेत यायचं तर कुणीतरी सोबत लागतं, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा दुसऱ्याच कामात असतं. तिथे गेलेलं माणूस परत खाली राहायला आलंय, असं कुणी पाहिलेलं नव्हतं.

संमतीचा कागद आईच्या थोरल्या मुलीच्या फोनवर गेला. धाकटा भाऊ दूरदेशी, त्यामुळे सही थोरलीचीच लागायची. ती तेव्हा ऑफिसात एका मीटिंगमधून उठून दुसरीत शिरत होती. तिने बोटाने सही केली आणि फोन पर्समध्ये टाकला. वाचायला वेळच नव्हता, असं तिने स्वतःला सांगितलं. वेळ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"तू सही केलीस म्हणे," पलीकडचा म्हातारा आवाज म्हणाला. "वहिनीच नाव भरतात, याला पुरावा काय?"

२

आश्रमात सगळे त्यांना पुरावेकाका म्हणायचे. जन्मभर विमा कंपनीसाठी जळलेली गोदामं तपासली होती त्यांनी. कोणती आग लागली आणि कोणती लावली, ते राख चिवडून सांगायचे. आता कामधंदा नव्हता, पण सवय काही सुटली नव्हती. चहा गार आहे म्हणालात तरी ते पुरावा मागायचे. बाबांशी रोज पत्ते खेळणारे तेच, आणि रोज हरणारेही तेच.

थोरली दुपारी पोचली तेव्हा ते फाटकाशीच खुर्ची टाकून बसले होते.

"उद्या सकाळी हलवणार आहेत," ते म्हणाले. "तोवर मला कळायला हवं. आधी सांग, त्या स्क्रीनवरच्या यादीचं ॲप तूच बनवलंयस ना?"

"हो," थोरली म्हणाली. आईबाबा इथे राहायला आले तेव्हा तिने ते आश्रमाला फुकट बनवून दिलं होतं. आपल्याला वरचेवर येणं जमणार नाही, निदान एवढं तरी करावं, म्हणून. नंतर येणं खरोखरच जमलं नाही. पण ॲप चालू होतं, आणि ते चालू आहे म्हणजे आपण काहीतरी करतोय, असं तिला वाटत राहिलं.

"मग त्यात नाव कोण भरतं?"

"ऑफिसातली माणसं. आपापल्या फोनवरून. कोणी भरलं त्याचं नाव शेजारच्या रकान्यात उमटतं. मी घरून पाहिलं काका. बाबांचं नाव परत आलंय तिथे तो रकाना दरवेळी रिकामा आहे."

"रिकामा म्हणजे?"

"म्हणजे फोनवरून नाही, ॲप ज्यावर चालतं त्या मुख्य मशीनशी बसून कुणीतरी भरलं. ते मशीन चादरींच्या खोलीत आहे, कपाटात. तिथे ओळख विचारत नाही."

"माणसांशिवाय आत दुसरं कुणी काही भरतच नाही?"

थोरलीला हसू आलं. "भरतं की, ॲप स्वतः. सुरू होताना ते आधी पाहतं, खोल्या आहेत का, मजले आहेत का, जेवणाचे प्रकार आहेत का. जे नसेल ते भरून घेतं, म्हणजे नवं बिऱ्हाड अगदीच उघडंबोडकं दिसत नाही. पण ते पहिल्या दिवसापुरतं. त्याचा इथे काही संबंध नाही."

"बरं," काका म्हणाले आणि काठी टेकत उठले. "चल, चादरींची खोली बघू."

३

खोलीत पाऊल ठेवताच गरम कापडाचा वास आला. कपडे धुणारी मावशी मोठ्या इस्त्रीशी उभी होती. कोपऱ्यात कपडे वाळवायचं यंत्र, आणि त्याच्या शेजारी जाळीचं दार असलेलं कपाट. कपाटाला कुलूप नव्हतं.

काकांनी दार उघडलं, आत डोकावले, कीबोर्डवरून बोट फिरवलं आणि बोट रुमालाला पुसलं. मग ते वाळवणाच्या यंत्रापाशी गेले. त्याच्यावरचं घड्याळ चार शून्यं दाखवत लुकलुकत होतं. त्यांनी ते पाहिलं आणि आपलं मनगटावरचं पाहिलं. थोरलीला वाटलं, म्हातारा उगाच वेळ काढतोय.

"मावशी, काल सकाळी नाश्त्याआधी इथे कोण कोण होतं?" तिने विचारलं.

"मी."

"आणखी?"

"मला काय माहीत ताई? मी आपली इस्त्री करते. त्या कपाटाला तर मी हातसुद्धा लावत नाही, आईशप्पथ."

"हात लावलास असं कुणी म्हटलं का?" काका मऊ आवाजात म्हणाले. "काल चादरी बदलायचा दिवस होता. एवढा ढीग तू एकटीने आवरलास?"

मावशीने इस्त्री उभी केली. तिची नजर दारावरच्या विजेच्या खटक्यांकडे गेली आणि चटकन खाली आली.

"आजी येतात," ती अखेर म्हणाली. "चादरी बदलायच्या दिवशी. घड्या घालू लागतात. त्यांना बरं वाटतं हो इथे, बसतात, बोलतात. कुणाला सांगू नका."

"आणि नाव परत आलं ते कोणत्या दिवशी?"

मावशीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "चादरींच्याच दिवशी. दरवेळी. दरवेळी आजी इथेच होत्या."

मॅनेजरबाईंचं म्हणणं खरं निघत होतं.

४

"तरी चिठ्ठी बघू," काका म्हणाले, आणि ते दोघं स्वयंपाकघरात गेले.

आचारी आडदांड, पण विचारलं तसा लहान पोरासारखा ओशाळला. "स्क्रीनवर येईल ते पाठवायचं, असा हुकूम आहे. मागे एकदा मी स्वतःच्या अकलेने एका बाईंचं पान कापलं. म्हटलं, त्या लेकीकडे गेल्यात. तर त्या बिचाऱ्या खोलीत ताप घेऊन पडलेल्या, दिवसभर उपाशी. तेव्हापासून कानाला खडा लावला. नाव आलं की ट्रे जाणार."

"गेलेल्या माणसाचाही?"

"मनाला लागतं हो. पण पाठवतो."

कालची चिठ्ठी त्याने खिशात ठेवली होती, त्याला टाकवली नव्हती. बाबांचं नाव, खाली 'बागेकडची खोली', त्याच्या खाली 'साखर चालेल'.

"हेच तर मला खटकलं," आचारी म्हणाला. "बागेकडची खोली त्यांनी कधीच सोडली होती. गुडघ्यांमुळे जेवणघराला लागून असलेली घेतली ना. आणि साखर? साखर तर त्यांना अजिबात बंद होती."

"बंद? का?" थोरलीने विचारलं.

आचारी तिच्याकडे बघतच राहिला. "मधुमेह होता की त्यांना. पायाची जखम भरत नव्हती, शेवटी तेच तर अंगावर आलं. आजी या खिडकीशी उभं राहून पहारा द्यायच्या, मी चोरून साखर घालतो की काय म्हणून. तुमचे बाबा मला डोळा मारायचे, आणि आजी दोघांनाही झापायच्या."

"हो हो," थोरली घाईघाईने म्हणाली. "मधुमेह. माहीत आहे मला."

तिला माहीत नव्हतं. बाबा हृदय बंद पडून गेले, एवढंच तिला ठाऊक होतं. बाकीचं आईने फोनवर सांगितलंही असेल. फोन कानाशी असायचा, डोळे समोरच्या कामावर असायचे. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

काकांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. ते चिठ्ठीकडे नाही, तिच्याकडे बघत होते.

५

आईने आपली बॅग भरून दाराशी ठेवली होती.

"आलीस? बस," ती म्हणाली. "काकांनी उगाच तुला कामावरून ओढून आणलं."

"आई, कपाटातल्या मशीनवर कुणी बाबांचं नाव भरलं, तुला काही माहीत आहे?"

आई हातातल्या चष्म्याच्या काड्या उघडत-मिटत राहिली. "मीच भरत असेन."

"असेन म्हणजे?"

"आठवत नाही. पण सगळे म्हणतात ना? मी तिथे असते, आणि नाव येतं. दुसरं कोण भरेल त्यांचं नाव? मलाच हवेत ना ते. रात्री पडल्या पडल्या मी आठवून बघते, गेले का मी त्या कपाटाशी, काय दाबलं. काही आठवत नाही. म्हणजे डोकं गेलंच की माझं." तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. "जाते मी वर. माझ्यामुळे त्या म्हाताऱ्याचे पाय भाजले."

आणि थोरलीला सुटल्यासारखं वाटलं. आईच होती. ॲपमध्ये खोट नव्हती, सहीत चूक नव्हती. सुटका आधी आली आणि मागोमाग तिची लाज आली, इतकी की तिला आईकडे बघवेना.

बाहेर व्हरांड्यात काका उभे होते. "कबूल केलं?"

"हो."

"साफ खोटं."

"आई खोटं बोलेल?"

"खोटं बोलत नाहीत त्या, त्यांची खात्री पटवून दिलीये सगळ्यांनी. तू ही चिठ्ठी वाच. साखर चालेल! ज्या बाईने शेवटपर्यंत नवऱ्याच्या साखरेवर पहारा ठेवला, ती झोपेत, भ्रमात, वेड लागलं तरी हे लिहील का? डोकं गेलं तर नवरा मेल्याचं विसरेल, पण साखर विसरणार नाही." काका कठड्याला टेकले. "शिवाय त्या कीबोर्डवर बोटभर धूळ आहे. काल त्यावर कुणी काही लिहिलेलं नाही. आईने नाही, कुणीच नाही."

"मग लिहिलं कुणी?"

"तेच म्हणतोय. ज्याने लिहिलं त्याला तुझ्या बाबांनी खोली बदललेली ठाऊक नाही. आजार ठाऊक नाही. ते गेले हे तर नाहीच नाही. पहिल्या दिवशी ते या फाटकातून आत आले, तेवढेच त्याला ठाऊक आहेत. त्यानंतर त्याने इकडे ढुंकून पाहिलेलं नाही." त्यांनी थोरलीकडे पाहिलं. "असा कोण आहे गं?"

थोरलीने खांद्यावरची लॅपटॉपची बॅग खाली घेतली.

६

तिने बाकावर बसून लॅपटॉप उघडला. कितीतरी काळ न उघडलेला तो भाग शोधायला तिला फार वेळ लागला नाही. ॲप सुरू होताना भरायची पहिली माहिती: खोल्या, मजले, जेवणाचे प्रकार. आणि त्यांच्या खाली, तिच्याच हाताने लिहिलेल्या दोन ओळी. आईचं नाव. बाबांचं नाव, बागेकडची खोली, साखर चालेल.

तिला सगळं लख्ख आठवलं. उद्‌घाटनाला आश्रमाचे विश्वस्त येणार होते, आणि रिकामी स्क्रीन फार भकास दिसत होती. नमुन्याला कुणाची नावं टाकू, असं तिने विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, आमचीच टाक की, आम्ही कुठे भाडं मागतोय? त्या संध्याकाळी दोन ओळी काढून टाकायच्या होत्या. दुसरं काम आलं, राहिल्या.

ॲप दर वेळी सुरू होताना एकेक ओळ विचारायचं: हे आहे का? नसेल तर भर. बाबा जिवंत होते तोवर उत्तर यायचं, आहे. मग ते काही करायचं नाही. आईचंही तसंच. बाबा गेले, ऑफिसाने नाव काढलं, आणि पुढच्या वेळी ॲपला ते दिसले नाहीत. त्याने भरले. भरणारा माणूसच नव्हता, म्हणून रकाना रिकामा.

तिची बोटं त्या ओळीवर थांबली. आत्ता ही ओळ खोडली तर कुणाला पत्ताही लागणार नाही. नाव यायचं थांबेल. उद्या आई वर गेलेली असेल, आणि सगळे म्हणतील, बघा, आजींना हलवलं आणि थांबलं.

असा विचार आपल्या मनात आला, याचीच तिला शिसारी आली. तिने ओळ तशीच ठेवली आणि लॅपटॉप घेऊन काकांकडे गेली.

"मी आहे," ती म्हणाली. "तुम्हाला कधी कळलं?"

"आचाऱ्याकडे तू 'का' विचारलंस तेव्हा. यंत्रातलं मला काही समजत नाही, पण बाबांचं कोणाला काय माहीत नव्हतं, ते समजलं." काकांनी काठी उचलली. "पण ॲप परत परत सुरू का होतं, ते मात्र मावशीच्या पोटात आहे. तिथलं घड्याळ शून्यावर लुकलुकतंय. वीज गेल्याशिवाय तसं होत नाही."

मॅनेजरबाईंना बोलावून ते तिघं चादरींच्या खोलीत गेले. काकांनी नुसतं दारावरच्या खटक्यांकडे बोट दाखवलं, आणि मावशीचा बांध फुटला. मोठी इस्त्री आणि वाळवणाचं यंत्र एकत्र लावायचं नाही, अशी मॅनेजरबाईंची सक्त ताकीद होती. पण चादरींचा ढीग असला की ती लावायची. मग खटका पडून खोलीतली वीज जायची. एकदा शॉक बसल्यापासून ती विजेला भ्यायची, म्हणून आजी स्टुलावर चढून खटका वर करायच्या. नोकरी जाईल म्हणून मावशी गप्प, आणि मावशीची नोकरी जाईल म्हणून आजीही गप्प.

"या सगळ्याचा नाव येण्याशी काय संबंध?" मॅनेजरबाई वैतागल्या. "मला पटेल असं दाखवा."

"बाईंना पुरावा हवाय," काका खूश होऊन म्हणाले. "दाखव गं."

थोरलीने लॅपटॉपवर यादी उघडली. बाबांचं नाव कालच काढलेलं होतं. तिने ते मॅनेजरबाईंना नीट तपासायला लावलं. कपाटाचं दार उघडं ठेवलं आणि सगळ्यांना भिंतीशी उभं केलं. मग स्वतः खटका खाली ओढला. वाळवणाचं यंत्र बंद पडलं, कपाटातला हिरवा दिवा विझला. तिने खटका वर केला. दिवा पुन्हा लागला. कुणी जागचं हललं नाही.

थोड्या वेळाने यादी आपोआप ताजी झाली, आणि बाबा आले. बागेकडची खोली. साखर चालेल.

"अगं बाई," मॅनेजरबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"आईने काहीही केलेलं नाही," थोरली म्हणाली. "नाव मी भरत होते. इतके दिवस, दरवेळी, मीच. त्या कागदावरची माझी सही मी परत घेते. आणि मावशीला कामावरून काढायचं नाही, खटका पडला नसता तर हे कधीच बाहेर आलं नसतं."

मॅनेजरबाईंनी होकाराने मान हलवली. मग त्यांच्या काळजात चर्र झालेलं चेहऱ्यावर दिसलं. "मीही किती सहज बोलले त्यांना, तुम्ही विसरताय म्हणून," त्या म्हणाल्या. "रोज बोलायचे."

सगळ्यांसमोर थोरलीने बाबांची ओळ खोडली. काकांनी टोपी काढली आणि जरा वेळाने पुन्हा घातली.

"आता वहिनींना मी सांगू की तू सांगतेस?"

७

थोरलीने सांगितलं. काही हातचं न राखता, दोन ओळींपासून न वाचलेल्या कागदापर्यंत.

"म्हणजे मी भरत नव्हते," शेवटी आई म्हणाली.

"नाही."

"आणि मी विसरले म्हणून आठवत नव्हतं, असंही नाही. केलंच नव्हतं, म्हणून आठवत नव्हतं."

"हो आई. तुझं डोकं अगदी ठीक आहे."

आईने मोठा श्वास घेतला. बऱ्याच दिवसांनी तिचे खांदे सैल पडले. मग तिने लेकीकडे रोखून पाहिलं. "तुलाही वाटलं मला वेड लागलं म्हणून?"

"हो."

"ये-जा न करता? नुसतं फोनवर?"

"हो."

"आणि त्यांचा मधुमेह?"

"तुम्ही मला सांगितलं असतंत तर..."

"सांगितलं होतं. तू 'बरं' म्हणालीस. पाय चिघळला तेव्हा पुन्हा सांगितलं. तेव्हाही 'बरं' म्हणालीस. ते फोन ठेवल्यावर म्हणाले, कामात असते पोर, त्रास देऊ नकोस. मग नाही सांगितलं."

थोरलीला हुंदका आवरेना. "आई, मला माफ..."

"थांब!" आईने हात वर केला. "माफीचं नंतर बघू. आधी मला रागावू दे. इतके दिवस स्वतःवरच संशय घेत होते, धड कुणावर रागवायचीही चोरी झाली होती. काही बोलले की सगळे एकमेकांकडे बघायचे. आज डोकं जागेवर आहे माझं. आज मी चांगली रागावणार आहे."

थोरली डोळे पुसत उठली. "मी बाहेर बसते मग."

"बाहेर कुठे चाललीस? समोर कुणी नसेल तर रागावू कोणावर?" आईने पलीकडची खुर्ची पायाने तिच्याकडे ढकलली. "बस इथे. आणि तो फोन बंद कर."

थोरलीने फोन बंद केला आणि ती आईसमोर बसली. आईने पदर खोचला आणि सुरुवात केली.